आस्लकने घर का हलवलं

गुरो खोटं बोलत नसे. हा तिचा मोठा गुण आहे असं वस्तीतले सगळे म्हणत, फक्त नवी टोपी घालून तिच्यासमोर यायचं टाळत.

वस्ती अमेरिकेत, डाकोटाच्या माळावर होती. नॉर्वेहून आलेली अकरा घरं, फळ्यांचं एक चर्च आणि मग नजर पोचेल तिथवर गवत. पाद्री दोन महिन्यांतून एकदा यायचा. मधल्या रविवारी लोक आपापसात बायबल वाचत आणि एकमेकांच्या पापांवर लक्ष ठेवत. मंडळीत सगळे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणत. लग्नाच्या वयाच्या माणसांना ही पद्धत फारशी सोयीची नव्हती, पण तसं बोलून दाखवणं हेही पापातच जमा होतं.

गुरो एकतीस वर्षांची होती आणि एकटी होती. तिचा बाप जन्मभर दुसऱ्याच्या जमिनीवर राबला, आणि तो गेला त्याच आठवड्यात मालकाने मायलेकींना झोपडीबाहेर काढलं. आई त्या हिवाळ्यातच गेली. म्हणून गुरो समुद्र ओलांडून आली आणि सरकारकडून एकशे साठ एकर मागून बसली. अट एवढीच, की जमिनीवर घर बांधायचं, नांगरायचं, पाच वर्षं तिथेच राहायचं आणि शेवटी साक्षीदार घेऊन बायबलवर हात ठेवून तसं सांगायचं. सहा महिन्यांच्या वर जमीन सोडून राहिलं तर कोणीही येऊन ती मागू शके.

या शपथांचं लोकांनी काय करून ठेवलं होतं ते न सांगितलेलं बरं. बाहुलीचं घर गवतात ठेवून 'जमिनीवर घर आहे' अशी शपथ घेणारे महाभागही त्या माळावर होते. गुरोच्या मंडळींना हे बघून शिसारी येई. एकदा शपथेवर खोटं बोलला तो माणूस देवाघरी गेला काय आणि न गेला काय, असं त्यांचं मत होतं.

तिच्या शेजारची जमीन आस्लकची. आस्लक अडतीस वर्षांचा, उंच आणि बोलायला महाग. हवेविषयी एक वाक्य बोलला की त्याचा दिवस भरला. गुरोला तो आवडत होता. हे तिने देवाला सांगितलं होतं, कारण देवाशीही ती खोटं बोलत नसे. पण आस्लकला सांगायचं कारण नव्हतं. तो तिला 'बहीण गुरो' म्हणे आणि बुटांकडे बघे.

मागच्या ऑक्टोबरात आस्लकची आई ओसे अंथरुणाला खिळली. अर्धं अंग गेलं. तिला उचलायला, वळवायला दोन माणसं लागत, आणि गुरोच्या खोपटात तर एक खाट टाकली की दार उघडत नसे. तेव्हा गुरो आपली गोधडी घेऊन आस्लकच्या घरी राहायला गेली. म्हातारी आत, गुरो तिच्या शेजारी, आणि आस्लक घराला लागून असलेल्या गोठ्यात गाईंजवळ. चार दिवसांचं काम म्हणून गेली ती सात महिने राहिली. मे महिन्यात म्हातारी गेली. तिला घरामागेच पुरलं, आणि गुरो आपल्या खोपटात परत आली तेव्हा चुलीत उंदरांनी घर केलेलं होतं.

हे सगळं हायरम प्लंकेट नावाच्या गृहस्थाच्या कानावर गेलं. दुसऱ्यांच्या सुटलेल्या जमिनी पकडणं हा त्याचा धंदा. त्याने अर्ज टाकला की सदर बाई सात महिने जमीन सोडून शेजाऱ्याच्या घरी राहिली, सबब जमीन मला मिळावी. अर्जात एकही शब्द खोटा नव्हता. गुरोनेच तो पुन्हा पुन्हा वाचून बघितला.

चौकशीसाठी जमीन कचेरीचा साहेब जूनमध्ये वस्तीत यायचा होता. आदल्या दिवशी गुरो आस्लककडे गेली. तो कुऱ्हाडीला धार लावत होता.

"भाऊ आस्लक, उद्या तुम्ही माझे साक्षीदार."

"हो."

"तुम्ही भले माणूस आहात. मला वाचवायला काहीतरी बोलाल, अशी भीती वाटते मला. माझ्यासाठी खोटी शपथ घेऊ नका. जमीन गेली तर जाऊ दे."

"नाही घेणार," आस्लक म्हणाला.

एवढ्या लगेच उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. माणसाने निदान दोन घटका तरी पापाच्या मोहात पडावं.

"बरं मग," ती म्हणाली.

"वारा फिरलाय," आस्लक म्हणाला.

घरी येऊन ती रडली. जमिनीसाठी रडली, आणि त्या 'नाही घेणार'साठीही.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये झाडून सगळी वस्ती जमली. साहेब थकलेला, टक्कल पडलेला माणूस होता. त्याने खुर्ची वेदीकडे पाठ करून मांडली, म्हणून बायकांचं त्याच्याविषयी वाईट मत झालं. प्लंकेट पहिल्या बाकावर बसला. दुसरा साक्षीदार म्हातारा क्नूत याने आपल्याला काहीही माहीत नाही हे शपथेवर सांगितलं आणि तो समाधानाने जाऊन बसला.

मग गुरो उठली. तिने हात बायबलवर ठेवला. ऑक्टोबर ते मे आस्लकच्या घरी झोपले, म्हणाली. अधूनमधून खोपटात जाऊन यायची, पण ते राहणं नव्हे, हेही आपणहून सांगितलं. प्लंकेटने तिचे आभार मानले.

मग आस्लक.

"ही बाई सात महिने तुझ्या घरी राहिली?" साहेबाने विचारलं.

"हो."

"म्हणजे आपल्या जमिनीवर राहिली नाही."

"राहिली."

"कशी?"

"घर तिच्या जमिनीवर आहे."

गुरोच्या कानशिलांवर रक्त चढलं. काल हा माणूस तोंडावर 'नाही घेणार' म्हणाला होता, आणि आज पवित्र पुस्तकावर हात ठेवून धडधडीत खोटं बोलत होता, तेही असं, की कोणीही ऐकून हसेल. ती ताडकन उठली.

"आस्लक! खोटं बोलतोयस तू! साहेब, याचं लिहून घेऊ नका. उंचवट्यावरचं घर त्याचंच आहे. मी येण्याच्या आधीपासून तिथलं गवत तोच कापतो!"

साहेबाने लेखणी खाली ठेवली. आपल्याच बाजूच्या साक्षीदाराला खोटं पाडणारी बाई त्याने नोकरीत पहिल्यांदाच पाहिली असावी.

"बाई, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

"खऱ्याच्या," गुरो म्हणाली, आणि खाली बसली.

"गवताचंही सांगायचंय," आस्लक म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. एवढं तो वर्षभरात बोलला नसेल. "उंचवटा माझा असं मलाही वाटायचं. मागच्या सप्टेंबरात वणवा लागला, हद्दीच्या खुंट्या जळाल्या, म्हणून मी नव्याने मोजलं. उंचवटा तिचा निघाला. चार वर्षं तिचं गवत मी कापलं. तेही लिहून घ्या."

"आणि घर?"

"घर तेव्हा खाली ओढ्याजवळ होतं. ऑक्टोबरात बैल लावून वर ओढलं."

हे सगळ्यांनीच पाहिलं होतं. सहा बैल आणि निम्मी वस्ती लागली होती. आईच्या छातीला ओल बाधते, असं आस्लकने तेव्हा सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. आणखी काही कारण आहे का, असं कोणी विचारलं नव्हतं. आस्लकला दोन प्रश्न विचारायचा धीर कोणाला होता?

"मोजून दाखवा!" प्लंकेट ओरडला.

मोजायची रीत माळावर एकच. गाडीच्या मागच्या चाकाला फडकं बांधायचं, कोपऱ्याच्या दगडापासून गाडी सरळ हाकायची आणि फडकं किती वेळा वर येतं ते मोजायचं. चाकाचा घेर ठाऊक असला म्हणजे झालं. प्लंकेटला कोणाच्याच गाडीवर विश्वास नव्हता, म्हणून गाडी त्याची घेतली. फडकं म्हणून त्याचाच लाल रुमाल बांधला. घेर साहेबाने स्वतः दोरीने मापला आणि आस्लकच्या जमिनीच्या पलीकडच्या कोपऱ्यापासून दोनशे फेऱ्यांना दोघांची हद्द येईल असं जाहीर केलं.

सगळी वस्ती गाडीमागून चालली. साहेब मोठ्याने इंग्रजीत मोजत होता, बाकीचे पुटपुटत नॉर्वेजियनमध्ये. गुरो सर्वांत मागे होती. शंभराला ओढा आला. दीडशेला चढ लागला. गुरो प्रार्थना करत होती, पण काय मागावं ते तिला कळत नव्हतं. घर तिच्या बाजूला निघालं तर जमीन राहील. नाही निघालं तर जमीन जाईल आणि आस्लकचा आत्माही. एकशे नव्वद. घर अजून पुढे होतं. दोनशे झाले तेव्हा बैल थांबले, आणि आस्लकचं दार अजून नऊ फेऱ्या लांब, गुरोच्या जमिनीत होतं.

क्नूतने टोपी काढली. प्लंकेटने चाकावरचा रुमाल सोडून त्याच रुमालाने तोंड पुसलं आणि अर्ज मागे घेतो म्हणाला. पण तो मूर्ख नव्हता. त्याने एकदा घराकडे पाहिलं, एकदा ओढ्याकडे.

"साहेब, मग हा गृहस्थ सात महिने कुठे राहिला?"

साहेबाच्या ते आधीच लक्षात आलं असावं, कारण त्याचा चेहरा पडला. त्याला आस्लक आवडला होता.

"हे बघ," तो सावकाश म्हणाला, "तू घरात झोपत नव्हतास. गोठ्यात झोपत होतास. आणि गोठा तुझ्या स्वतःच्या जमिनीवर असेल. नीट आठवून सांग. मी अजून काही लिहिलेलं नाही."

पळवाट एवढी रुंद होती की सहा बैलांची गाडी जाईल. वस्तीतले सगळे आस्लककडे बघायला लागले. एक-दोघांनी तर मान डोलावून त्याला उत्तरही सुचवलं, आणि त्यासाठी पुढे महिनाभर पश्चात्ताप केला.

"गोठा घराला लागून आहे," आस्लक म्हणाला. "घराबरोबरच ओढला. तोही तिच्याच जमिनीवर."

साहेबाने लिहून घेतलं. प्लंकेटने तिथल्या तिथे दुसरा अर्ज टाकला, आस्लकच्या जमिनीसाठी. आस्लकची नऊ वर्षांची मेहनत, ओढा, विहीर, चाळीस एकर नांगरट, सगळं एका कागदावर गेलं. कचेरीत जाऊन जमीन नावावर पक्की करायचं टाळत आला म्हणून शेवटची शपथ त्याने वेळेत घेतलीच नव्हती. बोलावं लागतं ना तिथे!

लोक कॉफीसाठी क्नूतच्या गाडीकडे वळले. गुरो आस्लकसमोर येऊन उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"घर हलवलंस तेव्हाच माहीत होतं, की तुझी जमीन जाईल?"

"कोणी मागितली तर. आई लवकर बरी होणार नव्हती. आणि तू बोलावल्यावाचून येणार हेही माहीत होतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू घर तुझ्या जागेत येऊ दिलं नसतंस. आणि आईसाठी तरीही आली असतीस." तो बुटांकडे बघत होता. "तुझ्या बापाचं मला ठाऊक होतं. तुला पुन्हा कोणी बाहेर काढायला नको होतं."

सात महिने गुरो या माणसाची म्हातारी उचलत होती आणि आपण त्याच्यावर उपकार करतोय असं मनात धरून होती.

"घर काढून नेतो," तो म्हणाला. "कुठे, ते बघू. उत्तरेला रेल्वेचं काम आहे. फक्त आईची कबर... ती तुझ्या जागेत आहे. विचारायला हवं होतं."

"आणखी काय काय विचारायचं राहिलंय तुझं?"

आस्लक लाल झाला. टोपी काढली, परत घातली, परत काढली.

"आहे एक."

"मग विचार. आत्ता. वाऱ्याचं सोडून."

त्याने विचारलं. तीन शब्दांत, आणि तिसरा नीट ऐकूही आला नाही. गुरोने डोळे मिटले, कारण अशा गोष्टी देवाला विचारल्याशिवाय ठरवत नाहीत. प्रार्थना लांबली नाही.

"हो," ती म्हणाली. "घर आहे तिथेच राहील. आणि ओसेआईसुद्धा."

साहेबाला संध्याकाळच्या आत निघायचं होतं. पाच वर्षं गेल्याच आठवड्यात पुरी झाली होती, म्हणून गुरोची शेवटची शपथ त्याने उंचवट्यावरच घ्यायला घेतली. क्नूतने बायबल धरलं. साहेब छापील मजकूर भराभर वाचत गेला आणि गुरो हो म्हणत गेली. मग शेवटचं कलम आलं.

"ही जमीन मी फक्त माझ्या स्वतःसाठी घेत आहे, दुसऱ्या कोणाच्याही लाभासाठी नाही."

गुरो थांबली. तिने बायबलवरून हात उचलला.

साहेबाने डोळे मिटले. "बाई, आता काय?"

"मला लग्न करायचंय. पाद्री येईल त्या रविवारी, याच्याशी. हा इथेच राहणार, इथलंच खाणार. मग मी कशी म्हणू दुसऱ्या कोणासाठी नाही?"

प्लंकेट गाडीत चढता चढता थांबला आणि कान देऊन उभा राहिला. आस्लकने तोंड उघडलं, पण त्याचे त्या दिवसाचे शब्द संपले होते. उत्तर गुरोलाच शोधायचं होतं, आणि ते खरं असायला हवं होतं, नाहीतर तिने ते दिलं नसतं, जमीन गेली असती तरी. ती आस्लककडे बघत राहिली. याने कोणाला न सांगता आपलं घरदार तिच्या हद्दीत आणून ठेवलं होतं, आणि स्वतःच्या हद्दीत काहीच ठेवलं नव्हतं.

तिने हात परत बायबलवर ठेवला.

"दुसऱ्या कोणासाठी नाही," ती म्हणाली. "लिहा."

आस्लक आईला पुरताना रडला नव्हता, जमीन गेली तेव्हाही नाही. आता तो सगळ्या मंडळीसमोर उभ्या उभ्या रडला, आणि त्याने टोपीसुद्धा तोंडापुढे धरली नाही.