न पेटणारी बॅटरी

तिने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला आणि काउंटरवर ठेवण्याआधी खाली वर्तमानपत्र पसरलं.

“उघडा, पण जरा लांबून,” ती म्हणाली. “अजून वास येतो.”

बॅटरीवाल्याने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. दुकान जिन्याखालचं होतं. वरून कोणी चढलं-उतरलं की बशीतले स्क्रू खुळखुळायचे. त्याने झाकण उचललं, वाळूत रुतलेला तो काळा, फुगून फाटलेला तुकडा पाहिला आणि झाकण परत लावलं.

“रिमोटच्या गाडीची दिसतेय.”

“हो. माझ्या भावाची.”

“केवढा आहे भाऊ?”

“बेचाळीस.”

या उत्तरावर लोक हसतात, हे तिला पाठ झालं होतं, आणि हसणाऱ्याला काय सुनवायचं तेही. हा माणूस हसला नाही. त्यामुळे तिची पंचाईत झाली आणि तिने सगळंच सांगून टाकलं. भाऊ क्रेन चालवायचा. तीन वर्षांपूर्वी शिडीवरून पडला. आता मानेखाली चालतात ती उजव्या हाताची बोटं, तीही जेमतेम. गाड्यांचं वेड आधीपासूनचं. शर्यती जिंकायचा. आता गाडीच्या टपावर मोबाइल बांधून घेतो आणि पडल्या पडल्या गल्ली फिरून येतो. किराणावाला गाडीला नमस्कार करतो, समोरच्या आजी तिच्याशी तासभर सुनेच्या तक्रारी बोलतात. गाडीला पळून जाता येतं, पण तो ऐकून घेतो.

“घ्यायचा,” तिने दुरुस्त केलं. “तीन आठवडे झाले. बॅटरी पेटली तेव्हा मी कामावर होते. शेजारच्या वहिनींनी धूर बघून दाराचं कुलूप तोडलं. गादीचा कोपरा जळला होता. आणखी पाच मिनिटं गेली असती तर...”

ते वाक्य तिला आजवर पुरं करता आलं नव्हतं. तेव्हापासून भाऊ भिंतीकडे मान वळवून पडून होता. चार घास खायचा, तेही तिने डोळ्यांत पाणी आणल्यावर. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. वेळ तिच्याकडे सकाळी सातपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर होता, तो ती देतच होती. आणि परवा अचानक तो म्हणाला, कागद घे, लिही. तीन आठवड्यांत दोन शब्दांपेक्षा लांब असं त्याचं ते पहिलं बोलणं. त्याने चंद्रावरची बॅटरी मागितली असती तरी ती शिडी शोधायला निघाली असती.

तिने कागद पुढे केला. ‘लिथियम आयर्न फॉस्फेट. दोन सेलची. दुसरी कुठलीही नको.’ शेवटच्या ओळीखाली रेघ होती. ती त्याने सांगून मारून घेतली होती.

“आणि जरा परवडेल अशी,” ती म्हणाली. हे कागदावर नव्हतं.

बॅटरीवाल्याने तीन प्रकार मांडले. पहिली कोरी करकरीत. किंमत ऐकून तिने ती हातातसुद्धा घेतली नाही. दुसरी सोनेरी वेष्टनातली, वर क्षमतेचा दहा हजाराचा आकडा आणि निम्म्याहून कमी किंमत. तिने ती तळहातावर तोलली, शेजारची उचलली, पुन्हा तोलली. ती शिवणकारखान्यात कापड बेतायची. ठाणात मीटरभर कापड कमी असलं तर तिला फीत लागत नसे.

“ही हलकी आहे,” ती म्हणाली. “एवढा आकडा आणि वजन काहीच नाही.”

“नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.” तो खूश झाला. “महिनाभर मांडून ठेवलीय. लोक आकडा वाचतात, वजन कोणी बघत नाही.”

तिसरा प्रकार म्हणजे मोठ्या संचांतून काढलेले जुने सेल. त्यातले चांगले निवडून तो स्वतः बॅटरी बांधून द्यायचा. त्याने डझनभर सेल ओळीने उभे केले आणि एकेकाला मीटर लावून कागदावर आकडे लिहू लागला.

“जोडी जमली पाहिजे. एक थकलेला आणि एक ताजा बांधला तर थकलेला आधी बसतो, आणि ताज्यालाही घेऊन बसतो.”

ती बघत राहिली. इथपर्यंत येताना जो प्रश्न तिने दहा वेळा घोळवला होता तो आता तोंडावर आला.

“ती जळाली ती स्वस्तातली होती, म्हणूनच ना? मीच आणली होती. चार दुकानं फिरून सगळ्यांत स्वस्त बघून आणली.”

तिला ‘हो’ ऐकायचं होतं. कोणीतरी एकदा खडसावून सांगावं, बाई, तुमच्या कंजूषपणाने भाऊ जळला असता. म्हणजे रोज आतल्या आत कुढण्यापेक्षा एकदाच काय ते रडून होईल.

“चार्जर आणलाय?”

तिने काढून दिला. एका बाजूने वितळला होता, पण चालत होता. नव्या बॅटरीला हाच चालेल का, एवढंच तिला विचारायचं होतं. त्याने तो सुरू केला, दोन बटणं दाबली आणि इवल्याशा पडद्यात बघत राहिला. बराच वेळ.

“शेवटचं चार्जिंग याच्या लक्षात राहतं,” तो म्हणाला. “हे लावतं कोण?”

“तोच. पलंगाशेजारीच असतो. बोटं पोचतात.”

“त्याला यातलं कळतं?”

“कळतं?” तिचा आवाज चढला. “दर रविवारी अर्धं मैदान त्याला विचारायला यायचं.”

त्याने चार्जर बंद केला.

“बॅटरी चांगली होती, बाई. स्वस्त होती, पण चांगली होती. तुमची काही चूक नाही.”

“मग पेटली कशी?”

“शेवटचं चार्जिंग ज्या सेटिंगवर झालंय, ती या बॅटरीची नाहीच. तिच्यावर ही फुगून पेटते. कोणी लावायला गेलं तर मशीन अडतं. विचारतं, नक्की का? एरवी एकदाच विचारतं, अशा वेळी तीनदा. तिन्ही वेळा हो म्हणावं लागतं.”

“चुकून दाबलं गेलं असेल.”

“एकदा,” तो म्हणाला, आणि चष्मा काढून पुसायला लागला. पुसायची गरज नव्हती.

तिने काउंटरची कड धरली. त्या दिवशी सकाळी तिच्या अंगात कणकण होती. घरी राहते म्हणाली, तर तोच मागे लागला, जा, खाडा करू नकोस. जाताना म्हणाला होता, डबा पूर्ण खा. तिला बरं वाटलं होतं. आपल्या जेवणाची कोणाला तरी काळजी आहे, या खुशीत तिने डब्याचा कण न् कण संपवला होता.

आधी राग आला. तीन वर्षं आपण हाडाची काडं केली, आणि हा तीनदा हो म्हणाला? राग ओसरल्यावर नुसती भीती उरली. आता कामावर कसं जायचं? त्याला एकटं कसं सोडायचं? आणि न जाऊन खायचं काय? कुठल्याच बाजूला वाट नव्हती.

“राहू द्या,” ती म्हणाली. तिने डबा पिशवीत टाकला. “बॅटरी नको. गाडीच नको. मोडून टाकते.”

“कागद राहिला तुमचा.”

तिने हात पुढे केला, पण त्याने तो लगेच दिला नाही.

“अक्षर तुमचं दिसतंय. सांगितलं कोणी?”

“त्यानेच.”

“शर्यतीवाला माणूस ही बॅटरी मागत नाही, बाई. मी गळी उतरवायला जातो तरी घेत नाहीत. जड आहे, गाडी मंदावते. हिच्यात गुण म्हणाल तर एक, वर्षानुवर्षं टिकते. आणि दुसरा म्हणजे, कोणी मुद्दाम पेटवायची म्हटली तरी सहजी पेटत नाही.” त्याने कागद तिच्या हातात दिला. “हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत असणार.”

तिने स्वतःचंच अक्षर परत वाचलं. ‘दुसरी कुठलीही नको.’ परवा लिहिताना तिला वाटलं होतं, आपली भीती जावी म्हणून तो असं म्हणतोय.

“बांधा,” ती म्हणाली. “मी थांबते.”

घरी पोचली तेव्हा वहिनी भावाला पाणी पाजून निघत होत्या. त्या गेल्यावर तिने बॅटरी त्याच्या उजव्या हातात ठेवली आणि खालून आपला हात लावला. त्याची बोटं बॅटरीच्या कडांवरून हळूहळू फिरली.

“जड आहे,” तो म्हणाला.

“जोडी बघून दिलीय. जुनी आहे, पण दोन्ही सेल सारखे आहेत.”

“गाडी हळू पळेल.”

“पळू दे. आजींचं तेवढंच जास्त ऐकायला मिळेल.”

त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिने चार्जर काढला आणि सवयीने पलंगाशेजारी वाकली. प्लगपाशी हात पोचला आणि थबकला. इथून हलवायचा तर कारण काय द्यायचं? प्लग ढिला झालाय म्हणावं, की वायर तापते म्हणावं? वाटभर जुळवून आणलेलं एकही कारण आता तिला आठवेना. ती तशीच वाकून राहिली.

“तिथे नको लावूस,” तो म्हणाला.

तिने वर पाहिलं. त्याची मान भिंतीकडे नव्हती.

“तुझ्या खोलीत लाव.”

“तिथे तुझा हात कसा पोचेल?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“म्हणूनच सांगतोय, ताई.”

ती उठली. चार्जर आणि बॅटरी घेऊन आपल्या खोलीत गेली आणि कपाटाशेजारच्या प्लगला लावलं. मशीनने विचारलं, नक्की का? तिने पडद्यावरचं एकेक अक्षर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि मग बटण दाबलं.