तिसरं पान

"चष्मा लाव आणि नीट बघ," मास्तर बायकोला म्हणाले. "मला दिसतंय तेच तुला दिसतंय का, एवढंच सांग."

गॅलरीत सहा कुंड्या होत्या. तीन साध्या मातीच्या, तीन मास्तरांच्या नव्या खताच्या, आणि सगळ्यांत घेवडा. साध्या मातीतल्या घेवड्याचं तिसरं पान छान सपाट उघडलं होतं. खतातल्या तिन्ही रोपांचं पान मात्र आत वळून वाटीसारखं झालं होतं आणि देठ पिळवटला होता.

"ऊन लागलं असेल," बायको म्हणाली.

"मोजून तीनच कुंड्यांना?"

सकाळचे सात वाजले होते.

मास्तर कुठल्या शाळेत कधी शिकवायला नव्हते. उभा जन्म टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात गेला. निवृत्त होऊन खाली उतरल्यावर मात्र त्यांनी पाण्याच्या टाकीमागची पडीक जागा हातात घेतली आणि तिथे बारा वाफे उभे केले. जमीन दोन फावडी खोल खणायची, रोपं दाटीवाटीने लावायची, पिशवीतलं खत आणि बाटलीतलं औषध फाटकाच्या आत आणायचं नाही. अकरा घरांना त्यांनी हे रागावून रागावून शिकवलं, म्हणून ते मास्तर. खताचा ढीग एकच आणि तो त्यांच्या ताब्यात. घेवड्याचं तिसरं पान बघितल्याशिवाय त्यातलं एक घमेलंही हलवायचं नाही, हा नियमही त्यांचाच. पहिली दोन पानं बीच्या शिदोरीवर वाढतात, खरं काय ते तिसरं पान सांगतं, हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की लोक पाठमोरे होऊन हसायचे.

यंदा हंगाम लांबला आणि लावणीची घाई झाली. पहिली दोन पानं चांगली गुबगुबीत निघाली. आपला हात कधी चुकतोय, असं म्हणून मास्तरांनी आठवड्यापूर्वीच ढीग उघडला. बाराही वाफ्यांत घमेलीच्या घमेली खत गेलं.

साडेसातला त्यांनी पागेवाल्याला फोन लावला. ढिगातली लीद त्याच्याकडची होती.

"गवत यंदा नव्या शेतातलं आहे," पागेवाला म्हणाला. "तण मारायचं औषध मारलं होतं म्हणे त्यावर. पण घोड्यांना काही नाही झालं हो! खणखणीत आहेत!"

घोड्यांना काही होत नाही, हीच तर मेख. ते औषध घोड्याच्या पोटातून बाहेर येतं, ढिगात कुजूनही टिकतं, आणि मग घेवडा, वाटाणा, टोमॅटो यांच्या मुळावर येतं.

आणि आजच चार वाजता सगळे मिळून टोमॅटोची रोपं लावणार होते.

"रोग पडला म्हणा," बायको हळूच म्हणाली. "टोमॅटोवर काय कमी रोग पडतात? इतक्या वर्षांचं नाव घालवून बसाल अहो."

मास्तर तिच्यावर खेकसले. तिचा राग आला नव्हता. तेच त्यांच्याही मनात येऊन गेलं होतं, म्हणून खेकसले. चारपर्यंत वेळ आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मग दाढी केली. फावड्याचा दांडा पुसला. लोकांना काय सांगायचं ते तीनदा मनात जुळवलं, तीनदा मोडलं. कुंड्या पुन्हा पाहिल्या, जणू पान मधल्या वेळात सरळ होणार होतं. एवढ्या खांबांवर चढलेला माणूस, पण जिन्याच्या चार पायऱ्या उतरायला त्यांना अकरा वाजले.

टाकीमागे सिस्टर आपल्या वाफ्यात गुडघे टेकून बसली होती. ती दवाखान्यात नर्स. तिची आई दर वर्षी एकाच जातीचं टोमॅटोचं बी धरायची. आई गेली तेव्हा डबीत चिमूटभर बी उरलं होतं. त्याची चौदा रोपं झाली होती, आणि त्यातली नऊ आता मास्तरांच्या खतात उभी होती.

"आज दुपारची ड्यूटी लागली, मास्तर," ती हसत म्हणाली. "चारला येता नसतं आलं. म्हणून नऊलाच सुरुवात केली. बघा, अंतर बरोबर आहे ना?"

"सिस्टर, थांबा. उपटा ती."

"काय?"

त्यांनी सांगितलं. गवत, लीद, घेवडा, सगळं. हातातलं दहावं रोप तिने सावकाश ट्रेमध्ये परत ठेवलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

आत्ताच, एवढा एक शब्द म्हटला असता तर निभावलं असतं. तो अगदी जिभेवर आला होता.

"सातला," मास्तर म्हणाले.

"आणि मी नऊला लावली."

मास्तरांनी बादलीभर पाणी आणलं. दोघांनी एकेक रोप अलगद काढलं, मुळं पाण्यात खळखळून धुतली आणि साध्या मातीच्या पिशव्यांत लावली. तोवर दोन रोपांनी माना टाकल्या होत्या.

"जगतील?"

"सांगता येत नाही," मास्तर म्हणाले. त्यांना फार लाज वाटली.

सिस्टरने फोन करून ड्यूटीवर उशिरा येते म्हणून कळवलं आणि ती चारपर्यंत तिथेच थांबली. चारला सगळे आपापले ट्रे घेऊन आले. मास्तरांनी जुळवलेलं काहीच वापरलं नाही. पान न बघता खत दिलं, सकाळी कळूनही अकरापर्यंत घरात बसलो, सिस्टरची रोपं त्यामुळे गेली तर ती माझ्यामुळे गेली, एवढं उभ्याउभ्या सांगून टाकलं. कोणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मग आता या वाफ्यांत लावायचं तरी काय?" शेजारच्या वाफ्यातल्या टेलरने विचारलं.

"मका," मास्तर म्हणाले. "मक्याला ते औषध बाधत नाही. वर्षभर मका घ्यायचा, माती खालीवर करत राहायचं. हळूहळू उतरतं."

कोणी हललं नाही. टेलरने मास्तरांकडे पाहिलं, मग वळून सिस्टरकडे पाहिलं. बाकीच्यांनीही तिच्याकडेच पाहिलं.

सिस्टर नखांतली माती काढत होती.

"मका लावा," ती म्हणाली.

तेव्हा कुठे लोकांनी टोमॅटोचे ट्रे परत न्यायला उचलले. मास्तरांनी फावडं घेतलं आणि पहिल्या वाफ्याच्या कडेला जाऊन माती उलटायला सुरुवात केली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी थांबवलंही नाही.