सकाळी आठचा नमुना

ताईच्या पोटाचं माप मी दर रविवारी घ्यायचे, तिच्याच टेपने. ती कपडे अल्टर करून देते. पुढच्या खोलीत मशीन, उभा आरसा आणि लोक टाकून गेलेल्या पँटींचा ढीग. त्या ढिगाशेजारी ती हात वर करून उभी राहायची.

"पोट आत ओढू नकोस."

"ओढून गेलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

अडतीस इंच. मग एकोणचाळीस. मग चाळीस, आणि त्याच्यावर थोडं. मी आकडा वहीत लिहायचे. ती टेप गुंडाळून गळ्यात टाकायची आणि कामाला बसायची.

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये हार्मोन्सच्या यंत्रावर काम करते. काउंटरवर रोज एखादी बाई तरी येते आणि म्हणते, "जेवण तर एवढंसं आहे हो, हार्मोन्सचंच काहीतरी असणार." आम्ही नमुना घेतो आणि रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मल येतो. तिचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. चाळिशीनंतर चरबी पोटावर येऊन बसते ती वय, झोप, काळजी, खाणं या सगळ्यांमुळे मिळून, आणि एका कागदावर ते पकडता येत नाही. पण अशी शेकडो वाक्यं ऐकल्यावर कानाला सवय होते. मला ती सबब वाटू लागली होती. ताईने तेच वाक्य म्हटलं तेव्हा मी ते त्याच कानाने ऐकलं.

तरी मी तिच्या तपासण्या केल्या. थायरॉइड, साखर, इन्सुलिन आणि शेवटी कॉर्टिसॉल. हे कॉर्टिसॉल मूत्रपिंडांवरच्या दोन लहान ग्रंथींतून येतं. पहाटे वाढतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्री जवळजवळ नसतंच. ते कायम चढं राहिलं तर चरबी पोटाकडे सरकते. आमच्याकडे त्याचा नमुना सकाळी आठला घेतात, सगळ्यांचाच, कारण रिपोर्टवर छापलेल्या मर्यादा त्या वेळेच्या असतात. ताई आठला आली, मी स्वतः सुई लावली, स्वतः यंत्रात घातलं. अठरा पूर्णांक दोन. मर्यादा पाच ते पंचवीस.

"तुझे हार्मोन्स माझ्यापेक्षा चांगले आहेत," मी फोनवर म्हणाले.

"मग हे काय आहे?"

"ताट आहे, ताई. ताटात काय येतं ते बघावं लागेल."

मी तिला तक्ता करून दिला. साखर बंद, ब्रेड बंद, बटाटा बंद. उकडलेल्या भाज्या, अंडं, रात्री सातच्या आत सूप. तो तिने फ्रिजच्या दारावर लावला. भाऊजी बेकरीत भट्टीवर आहेत, त्यामुळे घरात बिस्किटांचे डबे कायम भरलेले. त्यांनी तक्ता वाचला आणि स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. "या घरात दोन पोटं वाढतायत. माझ्याचं कारण मला ठाऊक आहे. हिचं शोधायला शास्त्रज्ञबाईंना बोलवावं लागलं."

ताई हसली. तेव्हा ती हसायची.

तीन-चार महिन्यांनी तिने मला स्वतःचा एक शर्ट दाखवला. "हे बघ. कंबरेला दोन इंच सोडलं आणि बाही एक इंच आत घेतली. जाड होणाऱ्या माणसाची बाही कधी आत घ्यावी लागते का गं? वीस वर्षांत मी नाही घेतली."

"डाएटमध्ये हात आधी उतरतात," मी म्हणाले.

हे मी कुठेही वाचलेलं नव्हतं. उत्तर हवं होतं म्हणून ते तोंडातून आलं.

माप वाढत राहिलं. एका रविवारी टेप बेचाळीसवर गेली आणि माझा संयम संपला. तिचा चेहरा गोल झाला होता, गाल लाल, मानेच्या मागे मांसाचा उंचवटा. एवढ्याशा सुपावर हे येणं शक्य नव्हतं, आणि रिपोर्ट तर माझ्या हातचा होता.

"ताई, खरं सांग. चोरून खातेस ना?"

तिने टेप माझ्या हातातून काढून घेतली. बराच वेळ ती बोटाला गुंडाळत राहिली.

"हो," ती म्हणाली. "खाते कधीकधी."

मला सुटल्यासारखं वाटलं. हिशेब जुळला होता. मी तिला समजावलं, पाठीवर हात ठेवला, सगळ्यांचंच असं होतं म्हणाले. भाऊजी आतल्या दारात उभे होते, त्यांनीही ऐकलं. त्यानंतर ताई जेवायला सगळ्यांबरोबर बसेनाशी झाली. आपलं सूप घेऊन मशीनवर जायची. मला वाटलं, लाज वाटतेय. वाटू दे, उपयोग होईल.

परवा मी माझा कोट घेऊन तिच्याकडे गेले. तोंडात टाचण्या धरून ती माझ्या अंगावरच्या कोटाची कड मारायला खाली बसली. कड झाली, पण तिला उठता येईना. तिने एक गुडघा रोवला, मग दुसरा, मग माझ्या कोटालाच धरलं. मी तिला वर ओढलं तेव्हा तिचा शर्ट वर सरकला. पोटावर जांभळे पट्टे होते, बोटाएवढे रुंद. बाळंतपणाचे पांढरट पडतात तसे नव्हेत. नुकतं कोणी ओरबाडलं असावं असे.

हे पट्टे मी कॉलेजच्या पुस्तकात पाहिले होते. त्या पानावर परीक्षेत मला पैकीच्या पैकी गुण होते.

"कधीपासून आहेत?"

"टाचणी लागली वाटतं कोटाला," ती म्हणाली. "कधीपासून म्हणजे, खूप दिवस झाले. का?"

मी काहीतरी बोलून निघाले. रस्त्यात मला त्या पानावरची एक ओळ शब्दशः आठवली: कॉर्टिसॉल कायम चढं राहण्याच्या या आजारात सकाळचा आकडा नॉर्मल असू शकतो. बिघडतं ते उतरणं. सकाळी सगळ्यांचंच चढलेलं असतं, त्यात तिचं लपून गेलं होतं. मी लॅबच्या वेळेला नमुना घेतला होता, कारण आम्ही नेहमी त्याच वेळेला घेतो.

दुसऱ्या दिवशी मी लॅबच्या डॉक्टर मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, ती स्टेरॉइडचं मलम लावते का, दम्याचं काही घेते का, कुणाकडची पुडी घेते का. काहीच नाही. मग चष्मा काढला.

"सकाळच्या एका आकड्यावर तू ठरवून टाकलंस?"

"हो."

"काउंटरवरची बाई असती तर डॉक्टरकडे पाठवली असतीस."

परक्या बाईला मी रिपोर्ट देते, निदान देत नाही.

मॅडमनी एक गोळी लिहून दिली. ती रात्री अकराला घ्यायची आणि सकाळी आठला पुन्हा नमुना. गोळी मिळाली की धडधाकट ग्रंथी गप्प बसते, आकडा दोनच्याही खाली येतो. ताईला मी फक्त म्हणाले, "एक तपासणी राहिली होती." ती आली, न विचारता बाही वर केली. सुईच्या जागी लगेच काळंनिळं पडलं. यंत्राने सोळा पूर्णांक चार दाखवलं. ज्याचा आकडा आधीच माहीत असतो तो नियंत्रण नमुना लावून मी यंत्र तपासलं. यंत्र बरोबर होतं. ताईचा नमुना पुन्हा लावला. सोळा पूर्णांक सहा.

"अजून तपासण्या लागतील," मॅडम म्हणाल्या. "बहुधा कुठेतरी गाठ आहे, डोक्यात किंवा ग्रंथीवर. शोधावी लागेल, काढता येते. पण हे जेवणाने झालेलं नाही, एवढं तिला आजच सांग."

मी त्यांची चिठ्ठी घेऊन दुपारी गेले. ताई एका पँटची शिवण उसवत होती. मी उभ्या उभ्याच बोलले: ग्रंथी, गाठ, हॉस्पिटल, उद्या आठला नंबर. मग म्हणाले, "पहिल्यांदा मी चुकीची वेळ धरली. चूक माझी आहे."

तिचा हात थांबला. "म्हणजे खाण्याने नाही?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"ताई, पण तू तर म्हणालीस, खाते म्हणून..."

"तू सोडत नव्हतीस ना." ती सावकाश बोलत होती. "आणि मग मलाच वाटायला लागलं. इतका अभ्यास केलेली बहीण म्हणते, तर असेल. झोपेत उठून खात असेन. लोक झोपेत चालतात म्हणे. मग मी रोज झोपण्याआधी बिस्किटांच्या कपाटाच्या दोन्ही कड्यांना दोरा बांधायची. सकाळी बघायची, तुटलाय का."

"मग?"

"एकदाही तुटला नाही. तरी बांधत होते." तिने आत हाक मारली. "अहो, इकडे या जरा."

भाऊजी पहाटेच्या पाळीनंतर झोपले होते. केस विस्कटलेले, तसेच बाहेर आले.

"सांग यांना," ताई म्हणाली.

"भाऊजी, शरीरात एक हार्मोन असतं..."

"ते नंतर. आधी दुसरं सांग."

"ताई चोरून खात नव्हती," मी म्हणाले. "कधीच नव्हती."

भाऊजी कपड्यांच्या ढिगावरच बसले. कुणाची तरी इस्त्री केलेली पँट खाली होती, तीही त्यांनी काढली नाही. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणजे... बिस्किटं मोजलेली असायची. ट्रे मोजायची सवय, हाताला लागलेली. तू खाते म्हणालीस तेव्हापासून रोज मोजत होतो. एक कमी नसायचं."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. "रोज?"

"मला वाटलं बाहेर कुठे खात असशील."

"विचारलं का नाहीत?"

"तूच कबूल केलं होतंस ना गं. आणखी किती लाज काढायची माणसाची?"

रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत गेलं. ताईने चिठ्ठी उचलली, मॅडमचं अक्षर लावून वाचलं, घडी घातली आणि शिवणाच्या डब्यात कात्रीखाली ठेवली. मग माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला किती इंच आत घ्यायचं ते विचारताना तिचा असतो, तसा आवाज होता.

"ही गाठ कधीपासूनची असेल?"

"नक्की सांगता येत नाही. दोन वर्षं, जास्तही असेल."

"त्यातलं एक वर्ष तुझं."

"चौदा महिने," मी म्हणाले.