तीन नंबरचा कप्पा

मोहोपाड्याजवळच्या एका रसायन कारखान्यात शहाऐंशी साली संगणक आला आणि त्याची देखभाल माझ्या गळ्यात पडली. रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनं शिजवायच्या बंद टाक्या, होते चार. प्रत्येकाचं तापमान संगणकाला जोडलेलं एकेक इलेक्ट्रॉनिक कार्ड मोजायचं आणि संगणकाला न विचारता आकडा थेट मेमरीत टाकायचं. फक्त आपला नंबर सांगायचा, की त्या नंबराच्या कप्प्यात आकडा पडला. रेशनच्या दुकानात कार्ड बघतात, तोंड कोण बघतो? तसंच.

पुढं तीन नंबरचं कार्ड जळलं. बदली आलेलं कार्ड स्वतःला पाच म्हणवत होतं. बनवणाऱ्यानंच चुकीचा नंबर पक्का बसवलेला. परत पाठवलं असतं तर चार महिने गेले असते. कुठल्या नंबराला कुठला कप्पा हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मी एक ओळ घातली: पाच म्हणेल त्याला तीन समजावं. वेळ मारून नेली. वहीत नोंद करायची राहिली. राहिली कसली, मीच केली नाही. साहेबांनी कार्ड परत पाठवायला लावलं असतं.

वर्षभरानं पाचवा रिअ‍ॅक्टर उभा राहिला. त्याचं कार्ड बिचारं खरं बोलणारं, पाच म्हणजे पाच. माझी ओळ मी साफ विसरलो होतो. त्याचेही आकडे तीनच्या कप्प्यात पडून तिथले खरे आकडे पुसू लागले. पाचव्याची अजून चाचणीच चालू होती, त्यामुळे त्याचा रकाना कोरा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यातच तिसऱ्या रिअ‍ॅक्टरचा माल बिघडला. तिथं भिवाजी होता, खालापूरकडचा, अकरा वर्षं दर अर्ध्या तासाला तापमानाचा काटा बघून वहीत लिहिणारा. त्याच्या वहीत ब्याऐंशी, संगणकाच्या कागदावर एकशे सतरा.

"मशीन चुकेल का?" साहेबांनी मला विचारलं.

"मशीन खोटं बोलत नाही," मी छाती फुगवून म्हणालो. माझी जीभ तेव्हा झडली असती तर बरं झालं असतं.

"सायेब, काट्याम्होरं उभा राहून लिवलंय मी," भिवाजी एवढंच म्हणाला. न बघता आकडे लिहिले म्हणून त्याला महिनाभर घरी बसवलं. महिना संपला, तो आला नाही.

दोन महिन्यांनी ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर आली. साहेबांना सांगायला आणखी आठ दिवस लागले. भित्रा माणूस मी. भिवाजीला परत बोलावल्याचं पत्र गेलं. उत्तर नाही. शेवटी मीच त्याच्या गावी गेलो.

तो चुलीपुढं बसला होता. डोळ्यांवर नवा चष्मा. त्याची बायको आवडी पाणी घेऊन आली.

"डॉक्टर म्हनला नजर चांगली हाय," ती म्हणाली, "पन ह्यांनी हट्टानं घेतला."

मी सगळं सांगितलं. कार्ड, ओळ, माझा आळस, माझी भीती. हात जोडले. भिवाजी खाली मान घालून ऐकत राहिला.

"येवढ्या लांब आलात सायेब, लय बरं वाटलं," तो म्हणाला. "पन माज्यासाठी सोतावर कशाला घेता? मशीन कशाला खोटं बोलंल? मलाच दिसलं नसंल."

मी पुन्हा सांगू लागलो. तो समजूत काढल्यासारखा हसला. मग समोरच्या चुलीकडं बघत त्यानं हाक मारली, "आवडे, सायबांना च्या ठेव. आन् जाळ हाय का इझलाय, तेवढं बघ गं."

चूल धडधडून पेटलेली होती.