हेलाउतारचा दगड

मित्रांनो, नदीकाठच्या फाट्यावर उभा असलेला मी एक जुना दगड. माझ्या कपाळावर जखम आहे. तिथं पूर्वी गावाचं नाव होतं, हेलाउतार.

वरवट बकालकडून आलेली वाट माझ्यापाशी फुटते. रुंद वाट डोहाकडे जाते, गुरांच्या पाण्याला. अरुंद वाट जाते उताराकडे, जिथं नदी उथळ आहे. हेला म्हणजे रेडा. तो जिथून निवांत नदी ओलांडायचा तिथून माणसांची हलकी बैलगाडी, दमनीही जायची. गाडीवान चुकू नयेत म्हणून पाथरवटानं मला घडवलं. बाया जात्यावर म्हणायच्या,

हेला उतरे पान्यात, पानी गुडघ्याच्या खाली
माह्या भावाची दमनी, पल्याड सुखानं गेली

तेव्हा मला कुंकू लागायचं. पुढं महाराष्ट्र राज्य झालं, गावात शाळा आली, आणि लोकांना माझी लाज वाटू लागली.

पुंजाजीच्या चांगुणाची सोयरीक शेगावला जुळली. होणारी सासू कौशल्याबाई भर बैठकीत म्हणाली, "हेल्याच्या गावची पोरगी. काम सांगतलं का पान्यात जाऊन बसन काय व?"

सगळे हसले. पुंजाजी मात्र छिन्नी घेऊन माझ्यापुढं आला. "वऱ्हाडाच्या डोयापुढं हे नाव नाई पाह्यजे."

वैजनाथ मास्तर आडवे आले. "पुंजाजी, विलायतेत ऑक्सफर्ड आहे. ऑक्स म्हणजे बैल, फर्ड म्हणजे उतार. जर्मनीत ओक्सनफुर्ट आहे. तोच बैल, तोच उतार. दोन्ही भाषा एका आजीच्या नाती. तिथले लोक ते नाव मिरवतात."

"तिथल्या पोरीले सासू हेली म्हणते काय?"

मास्तरांनी माझ्यावर हात ठेवला.

"मंग सरका बाजूले. तुमची पोरगी नाई जाऊन राह्यली त्या घरी."

छिन्नी बसली. अक्षरांचा भुगा माझ्याच पायाशी पडला. त्या माणसाचा मला राग आला, तो अजून गेलेला नाही.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाच्या दमन्या फाट्यावर आल्या. गाडीवानानं माझ्याकडं पाहिलं. मी कोरा. त्यानं रुंद वाट धरली. कौशल्याबाईची दमनी सगळ्यांत पुढं. ती डोहाच्या गाळात आसापर्यंत रुतली.

पलीकडून पुंजाजी धावत आला. "तिकून नाई, मांगं फिरा. उतारावरून या."

"कोन्या उतारावरून, भाऊ?" गाडीवान ओरडला. "सारा काठ उतारच हाये."

पुंजाजीनं नाव न घेता नुसता हात दाखवला. दमनीत पाणी शिरलं. तेव्हा सगळ्या वऱ्हाडासमोर, वाजंत्र्यांसमोर त्याला गळा फाडावा लागला. "हेलाउतार! हेलाउतारावरून या."

कंबरेपर्यंत भिजलेली कौशल्याबाई कडाडली, "गावाचं नाव लपवनाऱ्याची पोरगी आखीन काय काय लपवन?"

गलका ऐकून चांगुणा हळदीच्या अंगानं काठावर आली होती. ती शांतपणे म्हणाली, "मी काईच नाई लपवलं, आत्याबाई. मायं गाव हेलाउतार. अन् पान्यात तं तुम्हीच बसल्या."

लग्न लागलं. पण व्याहीभेटीत दोन्हीकडचे हात ताठच राहिले, आणि चांगुणाच्या माहेरपणाला शेगावहून कधी दमनी जुंपली गेली नाही. ती येते ती पायी, उतारावरून.

माझी अक्षरं कोणी पुन्हा कोरली नाहीत. येणारेजाणारे माझ्यावर बिड्या विझवतात. मित्रांनो, मला हार नको, शेंदूर तर नकोच. एखाद्या नावाची लाज वाटली, तर आधी त्या नावाच्या पाण्यात पाय घालून पाहा. छिन्नी काय, कधीही उचलता येते.