सात साक्षीदार, एक कान

मित्रांनो, मी एक जुना साक्षीदार आहे. पण तेवढ्यावरून माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. साक्षीदार जुना असला म्हणजे तो खरा असतोच असे नाही. माझे आयुष्य याच एका शंकेत गेले, आणि तीच मी तुम्हांला सांगणार आहे.

दिसायला मी पत्र्याचा डबा आहे. समोर जाळी, तिच्याआड माइक, खाली लहानसा पडदा, एका बाजूला किल्लीचे भोक आणि पाठीत पंखा. एका कारखान्यात माझी आणि माझ्या सहा भावंडांची जुळणी झाली. आम्हां सातांच्या पोटात एकच प्रोग्रॅम भरण्यात आला. माणसाचे बोलणे ऐकायचे, त्याचा अर्थ लावायचा आणि वस्तीचे मत थोडक्यात लिहायचे, हे त्याचे काम. पुढे लोकांनी त्याचे नाव 'कानसेन' ठेवले.

आमच्या मागची कल्पना चांगली होती, हे मी आजही नाकारत नाही. पूर्वी शहराच्या कारभाराची सारी दप्तरे एकाच कचेरीत असत आणि त्यांत कोणी फेरफार केला तर पडताळायला दुसरी प्रत नसे. म्हणून आम्हांला सात वस्त्यांत बसवले. आमच्यावर कोणी मोठा साहेब नव्हता. प्रत्येकाजवळ सगळ्या नोंदींची पूर्ण प्रत असे. एकाच्या पोटातले अक्षर कोणी बदलले, तर उरलेले सहा ताबडतोब बोंब मारत. शिवाय कोणताही निर्णय पक्का होण्यासाठी सातही वस्त्यांच्या राखणदारांनी आपापली किल्ली फिरवावी लागे. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कारभारात भाग घेता यावा, यासाठी नुसते माझ्यापुढे येऊन बोलणे पुरेसे होते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मी स्वतः काही ऐकत नसे. कानसेन लिही, मी सांभाळी. चोर आला तर भुंकणारा कुत्रा आणि मी यांत फारसा फरक नव्हता. घरातल्या पेटीत सोने आहे की खडे, हे कुत्र्याला ठाऊक नसते.

माझ्या वाट्याला मागगल्ली आली. गल्लीच्या दोन्ही अंगांना यंत्रमागांच्या शेड होत्या. खडखडाट असा की भिंतीला टेकवलेली सायकल आपोआप सरकत जाई. हवेत सुताची पिंज तरंगे आणि माझ्या पंख्यात जाऊन बसे. माझी किल्ली सांभाळणारी बाई मागांसाठी सुताच्या कांड्या भरण्याचे काम करी. सारी गल्ली तिला आत्या म्हणे. कामावर येताच ती आधी ब्रशने माझी पाठ झाडी आणि मग आपल्या जागेवर बसे. सुरुवातीला माझे मोठे कौतुक झाले. दूरदूरचे पाहुणे येत, 'आता शेवटच्या माणसाचाही आवाज पोहोचेल' असे म्हणत आणि माझ्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेत. त्यांच्यापैकी कोणी शेडमध्ये पाऊल टाकल्याचे मला आठवत नाही.

गल्लीच्या टोकाला एक लहान दवाखाना होता. आत्यांची वहिनी आयुष्यभर मागावर उभी राहिली होती आणि पिंजेने तिची छाती निकामी केली होती. ती रोज भिंतीचा आधार घेत तिथवर जाई, यंत्रातून औषधाची वाफ घेई आणि मग तिला चार घास गिळण्याइतका श्वास मिळे. अशात प्रस्ताव आला: मोठ्या रस्त्यापलीकडे नवे रुग्णालय बांधायचे आणि हा दवाखाना बंद करायचा. त्या रस्त्यावरचा पूल चढणे वहिनीच्या आवाक्यातले नव्हते.

गल्ली माझ्यापुढे लोटली. माणसे येत, जाळीशी वाकत आणि मनातले सांगितल्याच्या समाधानाने परत जात. वहिनीसुद्धा धापा टाकत येऊन गेली.

मग एके दिवशी वस्ती समितीचे सचिव आले.

"आत्या, सहा किल्ल्या फिरल्या. तुमचीच राहिलीय."

"राहू द्या की. किल्लीला काही भूक लागत नाही."

"थट्टा नको. तुमच्या गल्लीची हरकतच नाही. हे बघा पडद्यावर: मागगल्ली, मत नाही."

आत्यांनी पडद्याकडे पाहिले, मग सचिवांकडे. "अख्खी गल्ली बोलून गेली, साहेब! आणि मत नाही?"

"सातही यंत्रांत हेच आहे. सातही खोटं बोलतील?"

"मग कुणीतरी हात मारलाय. नव्या इमारतीत कुणाकुणाचं भलं होणार आहे, ते काय आम्हाला कळत नाही?"

सचिवांचा चेहरा उतरला. माणूस सरळ होता. आत्यांचा बाण चुकीच्या माणसाला लागला होता. पण चुकीच्या माणसावर घेतलेला संशय पूर्णपणे चुकीचाच असतो, असेही नाही. आत्यांनी किल्ली कमरेला खोचली आणि त्या कांड्या भरायला निघून गेल्या. "अडेलतट्टू गल्ली," असे उरलेल्या सहा वस्त्यांत लोक उघड बोलू लागले.

तपासणीसाठी आम्हांला बसवणाऱ्या तंत्रज्ञ बाई आल्या. त्यांनी माझे झाकण उघडले, सातही प्रती एकमेकींशी अक्षरशः ताडून पाहिल्या आणि समाधानाने मान हलवली.

"नोंदीला कुणाचाही हात लागलेला नाही, आत्या."

"म्हणजे मी खोटी?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तोंडाने नाही म्हटलंत. मोजून दाखवलंत."

बाईंनी झाकण उचलले. मित्रांनो, त्यांची तपासणी काटेकोर होती. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र अपुरा होता. एकाच साच्यातून काढलेल्या सात तापमापकांत तोच दोष असेल, तर सातही एकच आकडा दाखवतील. त्यावरून तापमापक सारखे आहेत हे सिद्ध होते. ताप किती आहे, हे नव्हे.

झाकण लावता लावता बाई थबकल्या. "आत्या, त्या दिवशी बोललात तसं आता बोला बरं."

आत्या जाळीशी वाकल्या. पडदा कोराच राहिला.

"बोला ना."

"बोलले की!"

"कधी?"

"आत्ता! दवाखाना हलवू नका म्हटलं. ती बघा, वहिनीला पण कळलं."

गल्लीच्या पलीकडल्या पायरीवर बसलेली वहिनी जोरजोरात मान डोलावत होती. तिने ओठ हलवून काही उत्तरही दिले आणि आत्या खुदकन हसल्या.

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणते, बाईला सांग, डब्याचे कान पिंजेने भरलेत."

बाईंनी आत्यांच्या गळ्यावर अलगद दोन बोटे ठेवली. "पुन्हा बोला." ओठ हलले, शब्द स्पष्ट आकारले, गळ्यात कंप नव्हता.

खडखडाटात ओरडले तर घसा बसतो, म्हणून मागगल्लीची माणसे पिढ्यान्‌पिढ्या ओठांनी बोलत. सवय इतकी मुरलेली, की आपण आवाज काढत नाही याचे त्यांना भानही नसे. बाहेरच्यांशी तेवढी ती आवाज काढून बोलत; मला मात्र गल्लीतलाच समजून ती माझ्यापुढे तशीच बोलली होती.

"पण याला डोळे नाहीत, आत्या!"

"मग बसवताना सांगायचंत."

"मला ही रीत माहीतच नव्हती."

"आणि आम्हाला वाटलं, तुम्हाला सगळं माहीत असतं."

 मग बाईंनी सचिवांना बोलावून घेतले आणि आडपडदा न ठेवता सांगितले, "चूक आमची आहे. समोर माणूस येऊन गेला आणि शब्द मिळाले नाहीत, की हा 'मत नाही' असं लिहितो. 'मला ऐकू आलं नाही' असं लिहायची आम्ही त्याला सोयच ठेवली नाही."

"मग ते सातही ठिकाणांहून खोडून टाका."

"खोडता येत नाही, साहेब. खोडता येऊ नये म्हणूनच तर ही सगळी खटपट केली होती."

सचिवांनी कपाळाला हात लावला. चुकीची नोंद आजही सातही पोटांत जशीच्या तशी आहे. तिच्याखाली दुरुस्ती लिहिलेली आहे. खोटे लिहिले गेले तर आम्ही तेही तितक्याच निष्ठेने जपतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले.

आत्यांनी अट घातली की, सहाही राखणदारांनी शेडमध्ये येऊन ऐकावे. ते आले, कानांवर हात ठेवून मागांमध्ये उभे राहिले. वहिनी ओठांनी बोलू लागली आणि आत्या तिचे शब्द त्यांच्या कानाशी ओरडून सांगू लागल्या.

बस आगाराजवळच्या वस्तीचा राखणदार तापला. "आमच्याकडे एकही खाट नाही! आम्हाला रुग्णालय नको का?"

"ती म्हणते, बांधा की! सात मजली बांधा! त्यासाठी माझी वाफ कशाला बंद करता?"

राखणदाराने कानांवरचे हात काढले. आजवर हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. प्रस्ताव बदलला: रुग्णालय व्हावे, दवाखानाही राहावा. तेव्हा कुठे आत्यांनी कमरेची किल्ली काढून फिरवली.

त्यानंतर मी निकामी ठरलो. माझ्या जागी नवे यंत्र आले. त्याला कॅमेरा आहे आणि ते ओठ वाचते. गल्लीला आनंद झाला, आत्यांना मात्र झाला नाही. "म्हणजे मी पायरीवर बसून वहिनीशी काय बोलते, तेही हा वाचणार?" त्यांनी बाईंना विचारले. "वाचू शकतो," बाई म्हणाल्या. त्यांनी काही लपवले नाही. आत्यांनी गल्लीतच विणलेल्या जाड कापडाचा तुकडा आणून कॅमेऱ्यावर टांगला. ज्याला यंत्राशी बोलायचे असेल, तो कापड वर करतो. बोलून झाले की खाली सोडतो. योजनेच्या आराखड्यात हे कापड नाही. माझ्या मते त्या यंत्राचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग तोच आहे.

मी आता दवाखान्यातल्या कपाटावर धूळ खात पडलो आहे. खाली वहिनी वाफ घेत बसते. मित्रांनो, माझी धूळ झटका असे मी म्हणणार नाही. झटकलीत तरी मी ऐकू शकणार नाही. माझी विनंती वेगळी आहे. उद्या तुमच्याकडेही अशी यंत्रे येतील. ती अनेक असतील, एकमताची असतील, आणि सर्वांचे ऐकतो असे सांगतील. तेव्हा त्यांनी काय ऐकले एवढेच विचारून थांबू नका. कोणाचे ऐकू आले नाही, तेही विचारा. आणि याचे उत्तर यंत्राकडून घेऊ नका, गल्लीत जाऊन घ्या.