बसवरचा अध्यक्ष

सगळे त्याला अध्यक्ष म्हणत, घरीसुद्धा. "अध्यक्षमहाराज, दूध निवतंय," असं धाकटी बहीण चिडवायची. 'सर्वांसाठी बस' या समितीवर त्याला त्याच्या दोस्तमंडळींनी निवडून दिलं होतं. त्यांच्यात कुणाला दिसत नव्हतं, कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणी त्याच्यासारखंच चाकाच्या खुर्चीवर; आणि सगळ्यांत हट्टी हाच. त्याचे शब्द अडखळत, लोळत बाहेर पडत आणि टाइप करायला गेलं की बोटं भलतीकडेच पळत. दोस्तांना त्याची सवय होती.

बस कंपनीच्या लोकांना मात्र त्याच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नसे, पण तसं म्हणायची कुणाची छाती? तो बोलला की माना डोलायच्या, टाळ्या पडायच्या, मग चहा यायचा. बसच्या दाराशी खुर्ची चढवायला घडीची फळी असते, ती चालक उघडतच नाहीत, हे त्याने प्रत्येक बैठकीत घसा फोडून सांगितलं होतं. दर वेळी कंपनीचे साहेब म्हणाले, "वा! किती प्रेरणा मिळते तुझ्याकडून!" बैठकीला न्यायला कंपनी त्याला मोटार पाठवी. बसच्या समितीचा हा अध्यक्ष आजवर बसमध्ये चढलेला नव्हता.

आता तर कहरच झाला होता. कंपनीने प्रत्येक बसवर त्याचा हा एवढा मोठा हसरा फोटो चिकटवला होता. खाली लिहिलं होतं, 'ही बस माझीसुद्धा.' परवा थांब्यावर त्याने हात केला, बस थांबली, चालक म्हणाला, "फळी अडकलीय रे राजा," आणि दार लागलं. त्याचाच चेहरा दात काढत त्याच्यासमोरून निघून गेला. त्या दिवशी तो जेवला नाही. फोटो उतरवायला लावायचाच, असं दोस्तांनी एकमुखाने ठरवलं. पण बैठकीला बोलावणं त्याला एकट्यालाच होतं. खोली लहान आहे म्हणे.

आज साहेबांपुढे त्याने घाम गाळत तेवढंच वाक्य म्हटलं, "माझा फोटो बसवरून उतरवा."

टाळ्या पडल्या.

त्याने आणखी जोरात म्हटलं. आणखी टाळ्या. एका बाईंनी तर डोळे पुसले. बंद बरणीत बसून ओरडावं तसं त्याला झालं.

साहेबांनी सोबतीला आलेल्या, मागे बसलेल्या त्याच्या आईकडे पाहिलं. "काय म्हणतायत आमचे अध्यक्ष?"

आईला शब्द न् शब्द कळला होता. पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत ती हसली. "तो म्हणतोय, फोटो फार छान आलाय."

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. रोज सकाळी खिडकीत उभी राहून जाणारी प्रत्येक बस डोळे भरून बघणारी ही आई! फोटो गेला की पोरगा पुन्हा मागच्या खोलीत भिंतीकडे बघत बसणार, ही भीती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. त्याला राग आला, आणि तिची कीवही आली. त्याला कोंडणाऱ्यांत सगळ्यात जास्त माया तिचीच होती.

"आई, तू बाहेर जा."

"अरे, मी नसले तर तुझं कोण ऐकणार इथे?"

"जा ना, आई."

ती डोळे टिपत गेली. त्याने पुन्हा तेच वाक्य म्हटलं. साहेबांनी सवयीने मागे पाहिलं, तर खुर्ची रिकामी.

"छान," कुणीतरी पुटपुटलं. त्याने मान हलवली, नाही.

"नक्की विचार करू." नाही.

"चहा घेऊ या का?" नाही. आलेला चहा कपांत तसाच निवत राहिला. कुणाची नजर छताला, कुणाची बुटांना. बाईंनी रुमाल पर्समध्ये ठेवून दिला.

शेवटी साहेब उठले, स्वतःची खुर्ची ओढत आणून त्याच्यासमोर बसले. त्यांचे कान लाल झाले होते. "मला कळलं नाही," ते हळूच म्हणाले. "खरं सांगू? आजवर एकदाही कळलं नाही."

नेमका तेव्हाच त्याचा जबडा आवळला. ज्याची इतकी वाट पाहिली ते कबूल झालं, आणि आता तोंडच उघडेना. साहेब जागचे हलले नाहीत. बऱ्याच वेळाने पहिला शब्द सुटला.

"माझा?" साहेबांनी विचारलं.

बरोबर होतं. तो पुढच्या शब्दाला लागला.